टर्कीचं डोकं

कारा-आर्चा
२ डिसेंबर, शनिवार

जिपार एजे,

सलाम. तू बरी असशील, कर्टिसही बरे असतील. इकडे काका ठीक, काकू ठीक, गाय ठीक. बर्फ गुडघ्यापर्यंत आलंय. सरोवरावरून वारा सुटलाय तो थांबायचं नाव घेत नाही.

झालं. काकू म्हणाल्या होत्या, पत्राची सुरुवात माणसासारखी कर. केली.

आता माझं ऐक. गाडीत बसताना तू म्हणालीस, "तू मुद्दाम केलंस, बुरुल." मी माझ्या बुटांकडे बघत उभी राहिले. तुला वाटलं असेल, पोरगी शरमली. मला समोरासमोर बोलता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहितेय? दुकानात मीठ मागायलासुद्धा माझ्याऐवजी तू जायचीस. आई गेल्यावर तूच माझी एजे, थोरली बहीण, माझ्या तोंडचं सगळं तूच बोलायचीस. मग तू गेलीस, आणि बोलायचं राहून गेलं. म्हणून लिहितेय. एरमेक उद्या टॅक्सी घेऊन बिश्केकला निघतोय, त्याच्याजवळ देईन.

हो. मुद्दाम केलं.

पण तू टर्कीवरून जे जे बोललीस ते आधी. ते माझ्या घशात अडकलंय.

तुझा फोन आला तेव्हा मी धार काढत होते. काका फोन घेऊन गोठ्यातच आले, आवाज मोठा करून. आम्ही अमेरिकेहून बिश्केकला पोचलो, घर मिळालं, कर्टिसना शाळेत शिकवायचं काम आहे, दोन वर्षं इथंच राहणार. काकू रडायलाच लागल्या. मग तू विचारलंस, "बाबा कुठायत?" काका म्हणाले, "वर. कुरणावर." आणि तू म्हणालीस, "बरं. काका, तिकडे टर्की मिळेल का?"

बरं. एवढंच म्हणालीस. तो शब्द मी विसरणार नाही.

मग पंधरा मिनिटं टर्की. गुरुवारी त्यांचा आभाराचा सण आहे, घरापासून लांब असताना कर्टिसचा हा पहिलाच, त्यांना घरची आठवण यायला नको. अख्खी हवी. पाय दोरीनं बांधलेली, वरून तांबूस, पोटात पाव आणि कांदा भरलेला. फोटो पाठवलेस, सात. आणि वर म्हणालीस, "बुरुल करेल की. ती घरीच तर असते."

घरीच असते. नववीनंतर घरीच आहे. का आहे, हे विचारायला तुला कधी फुरसत झाली नाही.

आपल्याकडे टर्की कोण पाळतं? मी चार गावं पालथी घातली. प्रत्येक फाटकाशी उभं राहायचं, कुत्रं भुंकायचं, कुणीतरी बाहेर यायचं, आणि मला शब्द फुटायचा नाही. शेवटी कुणीतरी सांगितलं, घाटाखालच्या वस्तीत क्लावदिया आजी आहे, तिच्याकडे असेल. गेले. ती अंगणातच होती, माझ्याकडे बघत.

"काय पाहिजे?"

मी गप्प.

"अगं बोल की! माझ्या टर्क्यासुद्धा तुझ्यापेक्षा जास्त बोलतात."

"टर्की," मी म्हटलं.

"हं, टर्की. भेटायला आलीस का तिला? सलाम सांगू तुझा?"

"पाहिजे एक. मोठी."

"मोठा एकच आहे, तो नर. तो देणार नाही. पाच जणींचा नवरा आहे तो, त्याला नेलास तर त्या माझी पिसं काढतील." मग म्हणाली, "कुणासाठी एवढं?"

"बहिणीच्या नवऱ्यासाठी. अमेरिकेचे आहेत."

"आणि बहिणीला काय झालं? पाय नाहीत का तिला?"

मी मान खाली घातली. तेव्हा तिला माझ्या डोक्यावरचा काळा रुमाल दिसला असणार. ती वळली. आत गेली, पोतं आणलं, तो नर पकडला आणि माझ्या हातात दिला. येताना एरमेकच्या टॅक्सीत तो माझ्या मांडीवर होता, अकरा किलो. सबंध वाट त्यानं एरमेकच्या मानेवर चोच मारली. एरमेक म्हणाला, "पुढच्या वेळी तुझी बहीण आली की मला आधी सांग, मी आजारी पडतो."

तो काळा रुमाल तुला दिसला नाही. तू आलीस तेव्हा माझ्या डोक्याला लाल होता. काकूंनी सकाळी बळेच बांधला. "आजचा दिवस, पोरी, आजचाच दिवस," म्हणत. बाबांना जाऊन साडेआठ महिने झाले होते आणि तुझं जेवण बिघडू नये म्हणून मी लाल रुमाल बांधला. कळतंय?

तुला कळवायचं नाही, हे मोठ्यांचं ठरलं होतं. मार्चमध्ये तुझे अमेरिकेत राहायचे कागद व्हायचे होते. कळलं असतं तर तू सगळं सोडून धावत आली असतीस आणि परत जाता आलं नसतं, असं काका म्हणाले. (धावत आली असतीस! त्यांना तुझ्याबद्दल किती खात्री.) शिवाय मरण फोनवर सांगायचं नसतं. ते सांगणारा माणूस लागतो, तो समोर बसून, आडून आडून, शब्द शोधून सांगतो. आपल्याकडे ते शेरालू आजोबा करतात. काकांनी त्यांनाच बोलावलं होतं. जेवण होईल, पोटात काहीतरी गेलेलं असेल, मग आजोबा सांगतील, मग तू रडशील, बायका येतील, रीतीनं होईल. सगळं ठरलेलं. फक्त घाटात बर्फ पडलं आणि आजोबांची गाडी अडकली.

टर्कीचं सांगते. आपली भट्टी म्हणजे दोन पाव मावतील एवढी, तुला माहितेय. म्हणून मी पाववाल्या आयिमशी बोललेच. होय, बोलले, स्वतः. तिनं सांगितलं, पाव काढून झाले की दहाला आण, अख्खी मावेल. गुरुवारी सकाळी मी भट्टी तापलीय का बघायला गेले. परत आले तर काका अंगणात बसलेले, बाह्या वर, आणि समोर ताटात तुझी अख्खी टर्की. बारा तुकडे. सांध्यांवरून, एक हाड न मोडता, अगदी मेंढा सोडवतात तशी.

मी ओरडले. मी, एजे! ओरडले. "अख्खी पाहिजे होती! भरायची होती!"

काका माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "अख्खं जनावर पाहुण्यापुढं ठेवायचं? लांडगे आहोत का आपण? जावई पहिल्यांदा उंबरा ओलांडतोय. कुठलं हाड कुणाचं हे ठरवायला नको? त्यांच्याकडे हाच मेंढा असेल तर मेंढ्याच्या मानानंच जाईल."

"त्यांच्याकडे असं नसतं."

"मग शिकतील. दोन वर्षं राहणार आहेत ना?"

आणि उकळली. मोठ्या कढईत, कांदा आणि मीठ घालून, डोक्यासकट. आयिमची भट्टी रिकामी तापत राहिली.

तू आलीस ती गाडीतून उतरून आधी कढईपाशी. मला मिठी मारलीस, तुझ्या केसांना साबणाचा छान वास येत होता, मला क्षणभर सगळं विसरायला झालं. मग झाकण काढलंस.

"हे काय? बुरुल! उकडली? तुकडे करून?"

मी काकांकडे बघितलं. काका नेमके सरपण आणायला गेले.

"सात फोटो पाठवले तुला. सात! एक काम सांगितलं. दिवसभर करतेस तरी काय इथं?"

दिवसभर काय करते. सांगते ना. दोन वर्षं दिवसभर बाबांना उठवून बसवत होते, कारण झोपलं की त्यांना श्वास लागायचा. पाठीमागं बसून माझ्या छातीवर त्यांची पाठ टेकवायची, तशीच झोपायचे. शाळेची घंटा घरात ऐकू येते, माहितेय ना तुला? ती ऐकत बसायचे. तू वर्षातून दोनदा फोन करायचीस. ते म्हणायचे, "सांग तिला, खोकला आहे थोडा." मी सांगायचे, खोकला आहे थोडा. तू म्हणायचीस, "मध द्या."

कर्टिसना मी काही म्हणत नाही. ते बिचारे कढईत डोकावले, हसले, अंगठा वर केला आणि मोडक्यातोडक्या किरगीझमध्ये म्हणाले, "छान! पाणी-टर्की!" काकू इतक्या हसल्या की लाल रुमाल, काळा रुमाल, सगळं विसरल्या. ते चांगले आहेत. तू माणूस चांगला निवडलास, त्यावर बाबा उगीच दोन वर्षं रुसले. हेही लिहून ठेवते.

मग तू घरभर फिरलीस. बाबांची पांढरी टोपी खुंटीला होती, चाबूक तिच्या खाली. ते काकांनी मुद्दाम तसंच ठेवलं होतं. तू टोपीला हात लावून म्हणालीस, "टोपी नाही नेली वर? गारठतील."  मग गोठ्यात गेलीस. "तांबडा घोडा कुठाय?"

काका म्हणाले, "बरोबर नेला."

ते खोटं नव्हतं. बाबांच्या दिवसाला तांबडाच कापला. दोनशे माणूस जेवलं.

आणि तू म्हणालीस, "बरं."

एजे, तू मेंढपाळाची मुलगी आहेस! सहा वर्षांची असल्यापासून तू वरच्या कुरणावर जायचीस. सप्टेंबरात सगळे खाली येतात, तुला माहितेय. नोव्हेंबरात तिथं काय असतं? बर्फ असतं आणि लांडगे. तिथं एक माणूस, खोकला लागलेला, टोपीशिवाय, मेंढरं घेऊन बसलाय, असं तुला सांगितलं आणि तू मानलंस. उन्हाळाभर मानलंस, ठीक. ऑक्टोबरात? नोव्हेंबरात? शहरातल्या पोरालाही कळलं असतं. मोठ्यांनी खोटं सांगितलं, ते तुझ्यासाठी सांगितलं. पण तू विचारलं नाहीस, ते कुणासाठी? तुला कळून घ्यायचं नव्हतं. तुला टर्की हवी होती.

आता ते जेवण. आपण एकदाच सरळ बघू त्याच्याकडे.

आजोबांची वाट बघून बघून काकांनी शेवटी वाढायला सांगितलं. हाडं वाटली. छातीचा तुकडा जावयाचा, तो कर्टिसना. शेपटाकडचा काकूंना. मांडी तुला, माहेरवाशीण म्हणून. मला पंख. डोकं काकांनी स्वतःपुढं ठेवलं. कर्टिस बघतच होते. त्यांनी बोटानं दाखवून विचारलं, हे मला का नाही? काका खुलले. "तुमचे वडील आहेत ना?"

तूच मधे बोलत होतीस, इकडचं तिकडे. "आहेत म्हणतात. आत्ता टीव्हीसमोर पेंगत असतील."

"मग देवाची कृपा. ज्याचा बाप जिवंत आहे त्यानं डोकं घ्यायचं नसतं. माझा गेला, म्हणून माझ्यापुढं."

हे तू कर्टिसना समजावलंस. तुझ्या तोंडानं, हसत हसत, अगदी नीट. मी ऐकत होते.

मग कर्टिस म्हणाले की त्यांच्याकडे खाण्याआधी एकेकानं सांगायचं, आपण कशाबद्दल आभारी आहोत. काका म्हणाले, जावई घरी आला त्याबद्दल. काकू म्हणाल्या, तेच. कर्टिस म्हणाले, पाणी-टर्कीबद्दल. सगळे हसले. मग तुझी पाळी आली. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "बाबा अजून धडधाकट आहेत, या वयात डोंगर चढतात, त्याबद्दल."

काकूंच्या हातातला चहा सांडला.

मग तू माझ्याकडे वळलीस. "बोल ना बुरुल. लाजायचं काय त्यात? एक वाक्य."

मला एक वाक्य येईना. मग मी उठले, काकांच्या पुढची ताटली उचलली आणि तुझ्यापुढं ठेवली.

पोरीला डोकं देत नाहीत, मलाही माहितेय. पण आपल्या बाबांना मुलगा नाही. द्यायचं कुणाला? ते तुझं होतं, थोरलीचं.

तू हसायला गेलीस. मग काकांकडे पाहिलंस, काकूंकडे पाहिलंस. काका म्हणाले नाहीत की, अगं बुरुल, वेडी का तू, उचल ते. तेवढंच बास झालं. तुझा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ओरडशील. मी वाट बघत होते. बाप गेला की उंबऱ्यात उभं राहून ओरडून रडणं हे लेकीचं काम आहे, मी एकटीनं केलं होतं, माझा आवाज लहान आहे, अर्ध्या गावाला ऐकूसुद्धा गेला नाही. पण तू ओरडली नाहीस. उठलीस. कोट घातलास. कर्टिसना म्हणालीस, चला.

काका माझ्याशी अजून बोलत नाहीत. मी रीत मोडली. माणूस सांगायला येत होता आणि मी उकडलेलं पक्ष्याचं डोकं पुढं केलं. त्यांचं बरोबर आहे. तरी मला पस्तावा होत नाही. रोज सकाळी उठून बघते, होतोय का. नाही होत.

एक गोष्ट राहिली. तिच्यासाठीच हे सगळं लिहिलं असावं.

शेवटचे तीन दिवस बाबांना माणूस ओळखू येत नव्हता. मी पाठीमागं बसलेली असायचे, त्यांना माझं तोंड दिसायचं नाही. त्यांनी विचारलं, "जिपार, आलीस का?" पहिल्या वेळी मी म्हटलं, "मी बुरुल आहे, बाबा." ते म्हणाले, "असं होय," आणि इतके गप्प झाले की मला भीती वाटली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "हो बाबा, आले." मग ते बोलायला लागले. तुझ्याशी. रुसलो ते चुकलं म्हणाले. जावयाला तांबड्यावर बसवून फिरवायचंय म्हणाले. आणि म्हणाले, "बुरुलला शाळेत परत घाल. ती माझ्यापायी बसलीय, मला सांगत नाही." मी म्हटलं, "घालते बाबा."

तीन दिवस मी तू होते. माझ्याशी ते बोललेच नाहीत. ते गेले ते तुझा हात धरून, आणि तो हात माझा होता.

म्हणून मी डोकं ठेवलं. त्यांचा निरोप तू घेतलास, मग त्यांचं मरणही घे. सगळं मीच का?

तू गेल्यावर तासाभरानं शेरालू आजोबा पोचले. दाढीला बर्फ, काठी टेकत. काकांनी सांगितलं, उशीर झाला. आजोबा बसले, चहा घेतला. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस पाच तास घाटात बसून शब्द जुळवत आलेला, आणि ऐकायला कुणी नाही. मग त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "पोरी, तुला कुणी सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, "मला कोण सांगणार? मी तिथंच होते."

"म्हणजे सांगितलं नाही."

त्यांनी मला समोर बसवलं. काकूंना माझा काळा रुमाल आणायला सांगितलं. आणि मला सांगितलं, बाबा गेले. पहिल्यापासून, आडून आडून, जणू मला काहीच माहीत नव्हतं. आणि एजे, मला खरंच माहीत नव्हतं. मी त्या गुरुवारी संध्याकाळी पहिल्यांदा ऐकलं. माझा आवाज गावात कुठवर गेला माहीत नाही. क्लावदिया आजी दुसऱ्या दिवशी एरमेकबरोबर लोणच्याची बरणी घेऊन आली, म्हणजे घाटापर्यंत गेला असेल.

ते काय बोलले ते मी लिहिणार नाही. पत्रात लिहायचं नसतं ते. समोर बसून ऐकायचं असतं, त्यासाठी यावं लागतं. आजोबा म्हणाले, "तिचे शब्द मी वेगळे ठेवलेत." ते खोकतायत हल्ली. मध देऊन काही होणार नाही.

खुंटीवरचा चाबूक नाही. तू जाताना कोटाच्या बाहीत घातलास, मी पाहिलं. काका शोधत होते, मी सांगितलं मी उचलून ठेवलाय. राहू दे तुझ्याकडे. टोपी मी देणार नाही.

सोबत रुमाल पाठवतेय. काळा. माझाच आहे, धुतलाय, मी काकूंचा घेतला. मार्चच्या सातला वर्षाचं जेवण आहे, पण तोवर थांबू नकोस. कर्टिसना आण, आयिमची भट्टी तापवून अख्खी टर्की भाजेन, काकांना त्या दिवशी गोठ्यात कोंडून घालीन. पण आधी तू फाटकापासून ओरडत ये, रीतीनं, मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. गपचूप चालत आलीस तर मी दार उघडणार नाही. खरंच नाही उघडणार.

ओरडलीस तर मीही तुझ्याबरोबर ओरडेन.

मी तुझ्यावर रागावलेय आणि तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेय.

बुरुल
(पुन्हा जिपार होणार नाही. तुझी तू ये.)